प्रातोचा वणिक आणि त्याच्या चोपड्या

फ्लॉरेन्स पाहण्यासाठी इटलीत गेलेले प्रवासी बहुधा प्रातोला उतरत नाहीत. फ्लॉरेन्सहून वायव्येस निघणारी लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत या शहरात पोहोचते. तरी प्रवाशांच्या पुस्तिकांत प्रातोला एखाद्या परिच्छेदाहून अधिक जागा क्वचितच मिळते. बिझेन्त्सिओ नावाची एक लहानशी नदी, तिच्या पाण्यावर मध्ययुगापासून चालत आलेला लोकरीच्या कापडाचा धंदा, तटबंदीच्या आतले जुने गाव आणि तटाबाहेर दूरवर पसरलेले कारखाने, असे हे कामकरी आणि व्यापारी शहर आहे. भिवंडी किंवा इचलकरंजी पाहिलेल्या माणसाला त्याच्या स्वभावाची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही.

इटलीतील शहरांच्या मुख्य चौकांत सहसा घोड्यावर बसलेला राजा, सेनापती अथवा संत आढळतो. प्रातोच्या नगरपालिकेसमोरील चौकात मात्र एक दुकानदार उभा आहे. १८९६ साली उभारलेल्या या पुतळ्याच्या अंगात लांब झगा आहे आणि हातात हुंड्यांचे कागद. फ्रान्चेस्को दी मार्को दातिनी हे त्याचे नाव. याच गावात इ.स. १३३५ च्या सुमारास तो जन्मला आणि याच गावात १६ ऑगस्ट १४१० रोजी मरण पावला. त्याने लढाई जिंकली नाही, ग्रंथ लिहिला नाही, राज्य केले नाही. त्याने पेढ्या चालविल्या, पैसा मिळविला, तो कोणाला द्यावा याची आयुष्यभर काळजी केली आणि कागदाचा एक कपटाही फेकून दिला नाही. या शेवटच्या सवयीमुळे आज सहाशे वर्षांनंतर युरोपातील मध्ययुगीन व्यापाराचा अभ्यास प्रातोला वळसा घालून करता येत नाही.

फ्रान्चेस्कोचा पिता मार्को हा खाणावळ चालविणारा एक साधा दुकानदार होता. १३४८ साली युरोपभर प्लेगची काळी साथ पसरली. त्या एका वर्षात फ्रान्चेस्कोचे आईवडील आणि दोन भावंडे गेली. तो स्वतः आणि स्तेफानो नावाचा भाऊ एवढेच उरले. पिएरा नावाच्या एका बाईने या पोरक्या मुलाला आईच्या मायेने वाढविले आणि ते ऋण तो कधी विसरला नाही. फ्लॉरेन्समध्ये दुकानी उमेदवारी केल्यावर, वयाची पंधरा-सोळा वर्षे होतात न होतात तोच, वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकून तो दक्षिण फ्रान्समधील अविन्यों नगरीस निघाला.

अविन्योंच का, याचे उत्तर कोणाही व्यापाऱ्यास सुचेल. त्या काळी पोप रोममध्ये नव्हे, अविन्योंत राहत असत. दरबार, धर्माधिकारी, वकील, यात्रेकरू आणि भाडोत्री सैनिक यांची तेथे दाटी होती आणि गिऱ्हाईक जेथे असेल तेथे दुकान मांडावे हा नियम सर्व देशांत एकच आहे. फ्रान्चेस्कोने प्रथम शस्त्रे आणि चिलखते यांचा धंदा केला. मिलान शहरात घडविलेली चिलखते तो मागवी आणि ज्याच्याजवळ पैसा असेल त्यास विकी. लढणाऱ्या दोन पक्षांपैकी खरेदीदार कोणत्या बाजूचा आहे, हे त्याच्या खतावणीत महत्त्वाचे नव्हते. पुढे मीठ, कापड, केशर, मद्य, देवादिकांची चित्रे, घरगुती जिन्नस असे जे जे खपेल ते दुकानात येत गेले. उत्तरायुष्यात त्याच्या व्यवहारांत आणि त्याच्या घरातही गुलाम होते.

श्रावकाच्या आचारात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य मानली आहेत, त्यांतील विषवाणिज्यात शस्त्रांचा व्यापार आणि केशवाणिज्यात दासदासींचा व्यापार येतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या कसोटीवर दातिनीची वही उघडताक्षणीच बाद ठरते. तथापि त्याला निव्वळ पाषाणहृदयी मानणेही योग्य होणार नाही. ज्या समाजात तो वाढला, त्याने या धंद्यांना नावे ठेवली नव्हती. त्या समाजाची भीती होती ती व्याजाची. धर्मपीठाने व्याज घेणे हे पाप ठरविले होते. माणूस विकणारा व्यापारी प्रतिष्ठित आणि कर्जावर चार टक्के घेणारा पापी, ही तुलना आज विचित्र वाटते, पण त्या काळाच्या मनाचा नकाशा तसाच होता.

बत्तीस-तेहतीस वर्षे परदेशी काढून, १३८३ च्या जानेवारीत, दातिनी श्रीमंत होऊन प्रातोला परतला. सोबत पत्नी मार्गेरिता होती. १३७६ मध्ये अविन्योंत तिच्याशी त्याचा विवाह झाला होता. ती फ्लॉरेन्समधील एका प्रतिष्ठित पण परागंदा कुटुंबातील, पतीहून सुमारे पंचवीस वर्षांनी लहान. गावी येऊन स्वस्थ बसावे, असे लोकांना वाटले असेल; झाले उलटेच. पुढील काळात प्रातो, फ्लॉरेन्स, पिसा, जेनोआ, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का बेट येथे त्याच्या पेढ्या उघडल्या, आणि अविन्योंची जुनी पेढी चालूच राहिली. प्रत्येक ठिकाणी निराळी भागीदारी, निराळे भांडवल आणि निराळ्या वह्या. सर्वांत मोठा हिस्सा मात्र दातिनीचा. एक पेढी बुडाली तरी तिच्या ओझ्याने दुसरी बुडू नये, अशी ही रचना होती. आजच्या कंपनी कायद्यातील मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांची आठवण व्हावी, इतकी ती विचारपूर्वक केलेली आहे.

त्याच्या वह्यांच्या आरंभी ईश्वराचे नाव असे आणि त्यालाच जोडून नफ्याचेही. वहीपूजनाच्या दिवशी पहिल्या पानावर ‘श्री’ची उतरंड काढून शुभ-लाभ लिहिणाऱ्या घरांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटावे ते आतल्या नोंदींचे. लुका पाचोली या गणितज्ञ साधूने जमा-नावेच्या दुहेरी पद्धतीचे विवेचन आपल्या ग्रंथात छापले ते १४९४ साली. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना तेथपासूनच इतिहास शिकविला जातो. दातिनीच्या पेढ्यांत ही पद्धती त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी रुळलेली दिसते. पाचोलीने ती शोधली नाही; वापरात असलेली रीत त्याने लिहून काढली.

व्यवहार किती संथ आणि किती लांब पल्ल्याचा असे, याचा एक दाखला अभ्यासकांनी या वह्यांतूनच काढला आहे. स्पेनच्या पूर्वेकडील बेटांवरची लोकर खरेदी करावी, ती जहाजाने इटलीत आणावी, प्रातोत पिंजून, कातून, विणून, रंगवून तिचे कापड करावे आणि ते पुन्हा समुद्रापार पाठवून विकावे. अशा एका मालाच्या फेऱ्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. सर्व खर्च, जकाती आणि आडत वजा जाता नफा उरला नऊ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यासाठी दातिनीने रात्रीच्या रात्री जागून पत्रे लिहिली. साठीच्या घरात आल्यावरही त्याला गुमास्त्यांवर पुरता भरवसा ठेवता आला नाही. प्रत्येक मालाची प्रत, प्रत्येक जहाजाची खबर त्याला हवी असे. व्हेनिसहून निघालेल्या एका गलबताची दोन महिने वार्ता नव्हती. त्याचा विमा दातिनीने स्वतःच्या जोखमीवर उतरविला होता. त्या दिवसांत एक घर कोसळून पडल्याचे स्वप्न त्याला पडले आणि ते त्याने पत्नीला पत्रातून कळविले. पेढीवर ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांना या स्वप्नाचा अर्थ विचारावा लागणार नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने फ्लॉरेन्समध्ये एका भागीदारासह बँकही काढली. मित्रांनी नाके मुरडली. एवढा थोर व्यापारी शेवटी पैशांची अदलाबदल करणारा झाला. आणि व्याज न खाणारा सराफ कोणी पाहिला आहे काय, अशी कुजबुज त्याच्या कानी घालण्यात आली. १४०० सालच्या प्लेगमध्ये भागीदार गेला आणि ती बँक थोड्याच अवधीत बंद झाली. दातिनीला त्याचे फार दुःख झाले असावे असे त्याच्या पुढील वागण्यावरून दिसत नाही.

खरे दुःख घरात होते. मार्गेरितेला मूल झाले नाही. औषधे झाली, नवस झाले, गंडेतावीज झाले. घरातील लुचिया नावाच्या दासीपासून दातिनीला १३९२ मध्ये जिनेव्रा नावाची मुलगी झाली. मार्गेरितेने काही वर्षांनी त्या मुलीला जवळ केले आणि स्वतःच्या लेकीप्रमाणे वाढविले. १४०७ मध्ये एक हजार फ्लोरिन हुंडा देऊन तिचा विवाह करण्यात आला. मार्गेरितेच्या मनाचा मोठेपणा येथे दिसतो. पण ती केवळ सोशीक नव्हती. पती बहुतेक काळ फ्लॉरेन्सच्या पेढीवर आणि ती प्रातोच्या घरी, किंवा याच्या उलट, असा संसार चालल्यामुळे दोघांमध्ये अखंड पत्रव्यवहार झाला. प्रथम ती दुसऱ्याकडून पत्रे लिहवून घेई. तिशी उलटल्यावर ती नेटाने अक्षरे शिकली आणि स्वहस्ते लिहू लागली. त्या पत्रांत धान्य, पिंपे, खेचरे, पाहुणे यांच्या हिशेबासोबत पतीला सुनावलेल्या स्पष्ट गोष्टीही आहेत. पुढे निवांत होईन असे तुम्ही नेहमी म्हणता आणि ते ‘पुढे’ कधी येत नाही, हा तिच्या तक्रारीचा सूर आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका व्यापारी घराचे स्वयंपाकघर आणि माजघर इतक्या जवळून दाखविणारी दुसरी साधने फार थोडी आहेत.

संतती नाही आणि संपत्ती वाढतेच आहे, तर तिचे करायचे काय? हा प्रश्न दातिनीला विचारण्याचे धैर्य एका माणसात होते. सेर लापो मात्सेई हा त्याचा मित्र. धंद्याने दस्तऐवज लिहिणारा, मध्यम स्थितीतला, मुलाबाळांचा आणि धर्मशील. मात्सेईने त्याला वीस वर्षे पत्रे लिहिली आणि त्यांचा आशय एकच होता: आता आवरा. आपल्याकडे ज्याला परिग्रहपरिमाण म्हणतात, म्हणजे इतके मिळविले की थांबेन अशी रेघ स्वतःच ओढणे, तेच तो आपल्या भाषेत सांगत होता. दातिनी रागावत नसे, ऐकून घेई, मान्यही करी आणि दुसऱ्या दिवशी नव्या मालाची मागणी नोंदवी.

१३९९ च्या उन्हाळ्यात इटलीभर पांढरी वस्त्रे नेसलेल्या यात्रेकरूंची एक लाट उसळली. दातिनीही तीत सामील झाला. पांढरा झगा, अनवाणी पाय, नऊ-दहा दिवसांची पदयात्रा. या काळात मांस खावयाचे नाही आणि बिछान्यावर निजावयाचे नाही असा नियम. दातिनीने नियम पाळला. मात्र आपल्या माणसांच्या तांड्याबरोबर त्याने दोन घोडे आणि एक खेचर घेतले होते, आणि त्यांच्यावर मिठाईचे डबे, चीज, पाव, गोड-फिकी बिस्किटे लादली होती. त्याचा हिशेबही वहीत आहे. हे वाचून हसू येते खरे. परंतु संघाबरोबर निघालेल्या शिध्याच्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, ते फार मोठ्याने हसणार नाहीत.

पुढच्याच वर्षी प्लेग पुन्हा आला. दातिनी कुटुंबासह बोलोन्याला पळाला आणि वर्षभराहून अधिक काळ तेथे राहिला. पळण्यापूर्वी त्याने मृत्युपत्र मात्सेईकडून लिहवून घेतले होते. त्या साथीत जुने सोबती आणि भागीदार एकामागून एक गेले. तो परतला तेव्हा धंदा चालू होता, पण ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्यासह तो मांडला, ती माणसे उरली नव्हती. मृत्युपत्राचा अंतिम खर्डा यानंतरचा आहे.

दातिनीने सत्तर हजार फ्लोरिनहून अधिक किमतीची मालमत्ता मागे ठेवली. पत्नी, मुलगी आणि सेवक यांची तरतूद करून, आणि फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या अर्भकांच्या आश्रमासाठी एक हजार फ्लोरिन ठेवून, बाकीचे जवळजवळ सर्वस्व त्याने प्रातोच्या गरिबांना दिले. फ्लॉरेन्सचा तो सुप्रसिद्ध अनाथाश्रम पुढे ब्रुनेलेस्कीच्या आराखड्याप्रमाणे १४१९ पासून बांधण्यात आला. प्रातोतील गरिबांसाठी त्याने स्थापिलेल्या निधीचे नाव ‘चेप्पो’. चेप्पो म्हणजे झाडाचा ओंडका. पोखरलेल्या ओंडक्यात दान टाकण्याच्या जुन्या प्रथेवरून हे नाव पडले. या दानातील सर्वांत विचारी कलम व्यवस्थेचे आहे. हा निधी धर्मपीठाच्या ताब्यात जाता कामा नये, त्यावर बिशपाचा अधिकार नसावा, नगराने निवडलेल्या चार सज्जनांनी तो चालवावा, असे त्याने लिहून ठेवले. देवभक्त माणसाने देवळाला नव्हे, तर नगराला विश्वस्त नेमले. मोठ्या रकमा कोठे आणि कशा झिरपतात हे त्याला आयुष्यभराच्या व्यवहाराने शिकविले होते.

अखेरच्या आजारात मात्सेई त्याच्याजवळ होता. आपल्याला मरावे लागेल आणि प्रार्थनांचा उपयोग होणार नाही, ही गोष्ट फ्रान्चेस्कोला फार चमत्कारिक वाटत होती, असे त्याने नंतर लिहिले.

मृत्युपत्रात घर आणि कागदपत्रे जपून ठेवण्याची आज्ञा होती आणि ती बऱ्याच अंशी आळसानेच पाळली गेली. वह्या आणि पत्रे घरातच पडून राहिली. १५१२ मध्ये स्पेनच्या सैन्याने प्रातो लुटले, हजारो माणसे मारली; कागदांना कोणी हात लावला नाही, कारण कागद लुटून काय मिळणार? पुढे ती पोती जिन्याखालच्या पोकळीत गेली आणि विस्मृतीत गेली. १८७० मध्ये ती बाहेर काढली तेव्हा कसरीने आणि उंदरांनी थोडीफार खाल्लेली, पण एकंदरीत शाबूत अशी सुमारे दीड लाख पत्रे, पाचशेंहून अधिक हिशेबवह्या, सुमारे तीनशे भागीदारीचे करार, चारशे विमापत्रे आणि हजारो हुंड्या निघाल्या. मात्सेईची पत्रे चेझारे ग्वास्ती या प्रातोतच जन्मलेल्या विद्वानाने १८८० मध्ये प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये आयरिस ओरिगो या लेखिकेने ‘द मर्चंट ऑफ प्रातो’ हे पुस्तक लिहून दातिनीला इंग्रजी वाचकांच्या घरी पोहोचविले. १९६७ मध्ये प्रातोत त्याच्या नावाने आर्थिक इतिहासाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि फर्नां ब्रोदेलसारखा इतिहासकार तिच्याशी जोडला गेला. बनारसीदासांनी ‘अर्धकथानका’त स्वतःची कथा स्वतः सांगितली, म्हणून मोगलकालीन जैन व्यापाऱ्याचे मन आपल्याला कळते, नऊ अपत्ये गमावलेल्या त्या पित्याचे दुःखही कळते. दातिनीने कथा सांगितली नाही, नुसते कागद ठेवले.

प्रातोची इतर माणसेही लक्षात ठेवण्याजोगी आहेत. कवी पेत्रार्कला बालपणी लॅटिन शिकविणारा कोन्व्हेनेव्होले हा येथलाच, आणि योगायोग असा की त्यानेही अविन्योंच्या परिसरातच शिष्य मिळविला. चित्रकार फ्रा फिलिप्पो लिप्पी फ्लॉरेन्सचा. परंतु प्रातोच्या मुख्य चर्चमधील भित्तिचित्रांसाठी तो १४५२ मध्ये येथे आला आणि ते काम दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. स्वतः साधू असून तो येथील मठातल्या लुक्रेझिया बुती या तरुण जोगिणीच्या प्रेमात पडला. त्यांचा मुलगा फिलिप्पिनो १४५७ च्या सुमारास प्रातोत जन्मला आणि बापाच्या तोडीचा चित्रकार झाला. लिप्पीनेच चेप्पोसाठी एक चित्र काढले. त्यात मातेच्या चरणांशी तांबड्या झग्यातला दातिनी आहे आणि त्याच्या हाताखाली, आकाराने लहान, त्या वर्षीचे चार विश्वस्त गुडघे टेकून बसले आहेत. हे चित्र आता प्रेतोरिओ प्रासादाच्या संग्रहालयात आहे.

गाएतानो ब्रेशीचे स्मरण गावाला अवघड जाते. १८६९ मध्ये जन्मलेला हा विणकर लहान वयातच गिरणीत कामाला लागला, पुढे अमेरिकेतील पॅटर्सन या रेशमाच्या गावी गेला, आणि १८९८ मध्ये मिलानमधील निदर्शकांवर झालेल्या गोळीबाराचा सूड म्हणून परत येऊन त्याने २९ जुलै १९०० रोजी राजा उंबेर्तो याची हत्या केली. गिरणगावच्या दारिद्र्यातून संतांप्रमाणेच मारेकरीही निघतात. लेखक कुर्त्सिओ मालापार्ते १८९८ मध्ये येथे जन्मला. त्याचा पिता जर्मनीहून आलेला वस्त्रतंत्रज्ञ होता. मालापार्तेचे दफन त्याच्या इच्छेप्रमाणे प्रातोच्या डोक्यावरील डोंगरावर झाले, आणि काप्री बेटावरचे आपले घर त्याने मृत्युपत्राने चिनी प्रजासत्ताकाला दिले होते. त्यावरून पुढे वाद झाला तो निराळा. १९८२ च्या विश्वचषकात सहा गोल करणारा पाओलो रोस्सी हाही प्रातोचाच.

चीनचा उल्लेख आला तो अनाठायी नाही. जुन्या लोकरी चिंध्या गोळा करून, रंगानुसार निवडून, त्यांचा पुन्हा धागा काढण्यात प्रातोने एकोणिसाव्या शतकापासून नाव मिळविले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत चिनी कुटुंबे मोठ्या संख्येने येथे आली आणि स्वस्त तयार कपड्यांचे शेकडो कारखाने त्यांनी उभारले. युरोपातील मोठ्या चिनी वस्त्यांत आज प्रातोची गणना होते. १ डिसेंबर २०१३ रोजी अशा एका कारखान्याला आग लागली आणि तेथेच राहून काम करणारे सात कामगार मेले. स्वस्त कपड्याच्या किमतीत काय काय मोजलेले नसते, याची चर्चा त्यानंतर संपूर्ण इटलीत झाली.

प्रातोला जाणाऱ्यांना एक-दोन सूचना. येथला पाव तोस्कानाच्या जुन्या रीतीप्रमाणे मिठाशिवाय भाजतात. आयंबिलची सवय असलेल्यांना तो अनोळखी वाटणार नाही. बदामाची कुरकुरीत बिस्किटे या गावाची खासियत म्हणून दुकानोदुकानी आग्रहाने पुढे केली जातात, परंतु त्यांत अंडे असते.

दातिनीचे घर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या गावात आहे. त्याच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याला सेर लापो मात्सेईचे नाव दिलेले आहे. मृत्यूनंतर घराच्या बाहेरील भिंतींवर दातिनीच्या जीवनातील प्रसंग रंगविण्यात आले होते. उन्हापावसाने ते आता जवळजवळ पुसले गेले आहेत. त्यांची तांबड्या रेघांतील मूळ रेखाटने आतमध्ये पाहावयास मिळतात. चेप्पोची वारस संस्था आजही याच वास्तूत आहे. सरकारी दप्तरखानाही येथेच असून चोपड्या आणि मार्गेरितेच्या हातची पत्रे तेथे ठेवलेली आहेत. संगणकावरून ती जगात कोठूनही पाहता येतात.